सुरतेचे खिळे आणि लहरी अक्षरे

भारतीय मुद्रणाच्या इतिहासात सुरतेचे नाव येते ते एका अपुऱ्या राहिलेल्या प्रयत्नामुळे. तेथील व्यापारी भीमजी पारेख यांनी १६७० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली. आपल्याकडील प्राचीन ग्रंथ छापावेत, ही त्यांची आकांक्षा होती. त्यानुसार १६७४ मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक मुंबईस आला. त्याला छापता येत होते. येथील अक्षरांचे खिळे पाडणे मात्र त्याला साधेना. मग भीमजींनी आपल्याच माणसांकडून ‘बनिया’ लिपीचे खिळे करविले. त्यांनी छापलेले कागद सुवाच्य असल्याची ग्वाही कंपनीच्या पत्रव्यवहारात आहे. तथापि, खर्च व दिरंगाई यांपायी ते काम तडीस गेले नाही.

या प्रसंगाचे मर्म असे की, एकास छपाई ठाऊक होती, तर दुसऱ्यांस अक्षराचे वळण. या दोहोंचा मेळ बसण्यास पुढे दीर्घ काळ लागला. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने घडविलेले नागरी टंक ग्रंथांना शोभले. परंतु काना, मात्रा, जोडाक्षरे मिळून एका संचास शेकडो खिळे लागत. निव्वळ शोभेच्या, लहरी वळणासाठी एवढा खर्च कोण करणार? म्हणून अशी अक्षरे चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरत व ठसे करून छापली जात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्या नाट्यशीर्षकांत नाटकाची प्रकृतीच अक्षरांत उमटे. मात्र ती अक्षरे त्या नावापुरतीच असत. दुसरे नाव आले की पुन्हा कुंचला उचलावा लागे.

संगणकाने ही अडचण दूर केली. ‘एक टाइप’चा ‘मोदक’ हा सारंग कुलकर्णी यांचा नागरी टंक पाहावा. त्याची अक्षरे नावाप्रमाणेच फुगीर आहेत. आतील पोकळ्या बारीक रेघांपुरत्या उरल्या आहेत. त्याच संस्थेच्या गुबगुबीत ‘बालू’ टंकास ‘बालू भाई’ हे गुजराती भावंडही आहे. ते शिरोरेषेवाचून उभे असूनही कुळ ओळखू येते.

अशा टंकाचे क्षेत्र मर्यादितच होय. बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, भित्तिपत्रक, दुकानाची पाटी येथे शब्द थोडे व अक्षर मोठे असते. तेथे तो खुलतो. तोच सलग मजकुरास वापरल्यास ‘ब’च्या पोटातील रेघ बुजते आणि ‘ब’चा ‘व’ होतो. अनुस्वारही मात्रेत लोपतो.

शिक्षकांनी याकडे हौसेची बाब म्हणून पाहू नये. मूल शाळेच्या पाटीआधी रस्त्यावरची पाटी पाहते. अक्षराने खुशाल थट्टा करावी. पण आपली ओळख सोडू नये. भीमजींच्या माणसांचे कागद सुवाच्य ठरले, कारण अक्षराची ती ओळख त्यांच्या हातात होती. आजच्या टंककारानेही हेच भान ठेवले पाहिजे.