सावंतवाडीची लाकडी खेळणी

सावंतवाडीची लाकडी खेळणी ही महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी शहराची पारंपरिक हस्तकला होय. रंगीत लाकडी फळे, भाज्या, भातुकली, भोवरे व पाट या तिच्यातील प्रमुख वस्तू असून शहरातील चितार आळी हे तिचे मुख्य केंद्र आहे. हाताने रंगविलेल्या गोल गंजिफा ही येथील चिताऱ्यांची दुसरी कला. परदेशांत सावंतवाडीची ओळख खेळण्यांपेक्षा गंजिफांमुळे अधिक झाली.

निर्मिती

फळे व भाज्या यांसाठी पांगाऱ्याचे हलके, मऊ लाकूड वापरतात. लाकूड वाळवून, कातून व घासून त्यास आकार देतात. पारंपरिक लाखकामात वस्तू लेथवर फिरत असताना तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. अलीकडे बाजारातील तयार रंगांचा वापर वाढला आहे.

राजाश्रय व पुनरुज्जीवन

सावंतवाडी संस्थानाच्या भोसले घराण्याने या कलांना आश्रय दिला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. स्वस्त छापील पत्त्यांपुढे गंजिफांचा खेळही मागे पडला होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून जुन्या कारागिराकडील ज्ञान नव्या चित्रकारांपर्यंत पोहोचले.

परदेशातील प्रसार

मुंबईत दीर्घकाळ राहिलेले जर्मन वंशाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतीय गंजिफांचा संग्रह व अभ्यास केला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९८२ मध्ये भरलेल्या गंजिफांच्या प्रदर्शनासाठी त्यांनी ग्रंथही लिहिला. १० रंग व १२० पाने असलेली दशावतारी आणि ८ रंग व ९६ पाने असलेली मोगल गंजिफा परदेशी संग्राहकांना विशेष आकर्षक वाटते. ही मागणी खेळणाऱ्यांची नसून संग्राहकांची आहे. तिने चित्रकारांस काम मिळवून दिले. खेळ मात्र घरोघरी परतला नाही.

लाकडी खेळण्यांचा मुख्य ग्राहक आजही स्थानिक लोक, मुंबईचे चाकरमानी आणि गोवा-कोकणात येणारे पर्यटक हाच आहे. परदेशी गेलेले पुष्कळ नग पर्यटकांच्या सामानातून भेटवस्तू म्हणूनच जातात. व्यापारी निर्यातीसाठी त्या त्या देशाचे सुरक्षानियम पाळावे लागतात. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यान्वये खेळण्यांच्या रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक चालत नाही. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत गिळता येतील असे लहान भाग असण्यास अमेरिका व युरोपीय संघ या दोन्हीकडे मनाई आहे. त्यामुळे रंगाची निवड हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. भातुकलीतील इवली भांडी तर लहानग्यांचे खेळणे म्हणून तेथे विकताच येत नाहीत. मोठ्या मुलांसाठी वा शोभेची वस्तू म्हणून ती पाठवावी लागतात.

सद्यःस्थिती

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागीर व भौगोलिक मानांकन असलेली उत्पादने यांना त्यातून सूट देण्यात आली. ही सूट देशापुरतीच असल्याने निर्यात करू इच्छिणाऱ्या कारागिरास रंगांची चाचणी टाळता येत नाही. प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांशी स्पर्धा आणि नव्या पिढीचा अन्य व्यवसायांकडे ओढा या कलेपुढील अन्य अडचणी होत.