गोव्याहून काठमांडू, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश : धर्मानंद कोसंबींची सात वर्षांची भटकंती

१/ १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातील हजारो तरुण पाठीवर पिशवी टाकून पूर्वेकडे निघत. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असे टप्पे घेत ती वाट काठमांडूला किंवा गोव्याला संपे. जगाने तिला ‘हिप्पी ट्रेल’ म्हटले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा उतरल्या आणि ती वाट बंद पडली. आजचा धागा तिच्याही कितीतरी आधी, उलट दिशेने, गोव्यातून निघालेल्या एका मराठी लेखकाचा आहे.

२/ माझे गाव न्हावरे, शिरूर-चौफुला रस्त्यावरचे. उत्तरेकडे गेले की घोडनदी आणि पुणे-नगर रस्ता. दक्षिणेकडे गेले की चौफुला आणि पुणे-सोलापूर रस्ता. अशा गावात वाढलेल्या मुलाला रस्ता म्हणजे दुसरीकडे जाण्याची सोय, एवढे लवकर कळते. गेल्या वर्षी आम्ही मित्रांनी नेपाळपर्यंत जमिनीवरून जाण्याचा बेत आखला. त्या निमित्ताने ‘निवेदन’ हे आत्मचरित्र पुन्हा हाती घेतले.

३/ ‘निवेदन’ ग्रंथरूपाने १९२४ मध्ये आले. लेखक धर्मानंद दामोदर कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातील साखवाळ येथे. शालेय शिक्षण जेमतेम. घरची नारळीची बागायत सांभाळणे हा व्यवसाय. लहान वयातच बाळाबाईंशी विवाह. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचनात आले आणि या तरुणाच्या मनाने घेतले की बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा.

४/ ‘मुळातून’ हा शब्द इथे महत्त्वाचा. त्या काळी मराठीत बुद्धाविषयी जे मिळे ते बहुतांशी इंग्रजी पुस्तकांच्या आधारे लिहिलेले असे. मूळ पाली ग्रंथ वाचायचे तर ते सिंहली किंवा ब्रह्मदेशी लिपीत होते, अथवा लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १८८० च्या दशकापासून छापलेल्या रोमन लिपीतील आवृत्त्यांत. गोव्यातल्या बागायतदाराला यांपैकी काहीच हाताशी नव्हते. म्हणून जिथे ग्रंथ आणि ते शिकवणारे गुरू होते तिथे स्वतः जाणे भाग होते.

५/ १८९९ च्या अखेरीस कोसंबींनी घर सोडले. काळ कसा होता? १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरलेली प्लेगची साथ ओसरलेली नव्हती. १८९९-१९०० हे पश्चिम आणि मध्य भारतातील भीषण दुष्काळाचे वर्ष, गुजरात-राजस्थानात ‘छप्पनिया’ म्हणून स्मरणात राहिलेले. अशा वर्षात, हाती मोजके पैसे घेऊन, हा तेवीस वर्षांचा माणूस पुण्यात आला आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटला.

६/ प्रवासाचा नकाशा स्थूलमानाने असा : गोवा, पुणे, ग्वाल्हेर, काशी, १९०२ मध्ये नेपाळ, तिथून बोधगया, कलकत्ता आणि सिंहलद्वीप, १९०३ मध्ये मद्रास आणि पुढे ब्रह्मदेश, मग पुन्हा भारतातील बौद्ध क्षेत्रे, पुन्हा ब्रह्मदेश आणि १९०६ च्या आरंभी कलकत्ता. काही भाग रेल्वेने, काही बोटीने, बराचसा पायी. सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश गाठायला समुद्र ओलांडावा लागला, तेव्हा हा सर्वस्वी जमिनीवरचा प्रवास नव्हे. पण ‘बॅकपॅकिंग’ म्हणून आज आपण जे ओळखतो त्याच्या हा पुष्कळ जवळचा आहे.

७/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचे प्रश्न. पहिला : सीमा कशा ओलांडल्या? गोवा पोर्तुगीजांचा, पुणे इंग्रजांचे, ग्वाल्हेर शिंद्यांचे संस्थान, नेपाळ राणांच्या सत्तेखालील स्वतंत्र राज्य, सिलोन इंग्रजांची वेगळी वसाहत. मात्र वरचा ब्रह्मदेश १८८५ च्या युद्धानंतर खालसा झाला आणि १९३७ पर्यंत अख्खा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. कलकत्त्याहून रंगूनला जाणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एका प्रांतातून दुसऱ्यात जाणे.

८/ पासपोर्टची सक्ती जगभर रूढ झाली ती पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर. हिंदुस्थानात प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदा १९२० चा. म्हणजे कोसंबी फिरले ते कागदपत्रांचे युग सुरू होण्याच्या ऐन आधी. आज त्याच देशांत फिरायचे तर व्हिसा, परवाने आणि सीमेवरची परिस्थिती यांची चौकशी आधी करावी लागते. त्या मोकळिकीमागे साम्राज्य होते, हेही विसरता येत नाही. ज्या सत्तेने लोकांची स्वराज्ये बुडवली, तिच्याच छत्राखाली एक जिज्ञासू फिरू शकला.

९/ नेपाळचे तसे नव्हते. राणांच्या राज्यात परक्याला सहज प्रवेश नसे. महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेसाठी मात्र भारतातील भाविकांना वाट मोकळी होई. तराईतून भीमफेदी आणि पुढे चंद्रागिरीची खिंड ओलांडून काठमांडूच्या खोऱ्यात उतरायचे, तेही पायी किंवा डोलीतून. मोटारीचा रस्ता, त्रिभुवन राजपथ, झाला तो १९५० च्या दशकात, भारताच्या मदतीने. हिप्पी आले ते याच रस्त्याने.

१०/ नेपाळात कोसंबींची निराशा झाली. बुद्धाच्या जन्मभूमीजवळ त्याचा धर्म जिवंत आढळेल ही आशा होती. स्वयंभू आणि बौद्धनाथ येथील तत्कालीन आचार पाहून ती मावळली. परतून ते बोधगयेला आले. तिथे एका भिक्षूने सुचवले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जावे. प्रवासाची दिशा एका संभाषणाने बदलली. मागे वळून पाहता आपल्याला जो आखीव मार्ग वाटतो, तो चालणाऱ्यापुढे असा एकेका मुक्कामाने उलगडत होता.

११/ दुसरा प्रश्न : पैसा कुठून आला? हॉटेल नव्हते, वसतिगृह नव्हते. धर्मादायाची जुनी व्यवस्था होती. काशीत मराठी संस्थानिकांनी आणि पेशवेकाळापासूनच्या धनिकांनी चालवलेली अन्नछत्रे होती, तिथे विद्यार्थ्यांना जेवण मिळे. पुण्यात प्रार्थना समाजाच्या मंडळींचा आधार होता. कलकत्त्यात अनागारिक धर्मपालांची १८९१ मध्ये स्थापन झालेली महाबोधी सोसायटी होती. कोलंबोत सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये काढलेले विद्योदय परिवेण होते. तिथे कोसंबींनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला.

१२/ भिक्षू झाल्यावर तर सामानच संपले. विनयाच्या नियमाप्रमाणे भिक्षूच्या मालकीच्या वस्तू आठ : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचे फडके. सोन्यारूप्याला हात लावायचा नाही, माध्यान्हीनंतर जेवायचे नाही. ज्यांना पाठीवरच्या पिशवीचे वजन कमी करण्याचा ध्यास आहे त्यांनी ही यादी जरूर पाहावी. या अवस्थेत कोसंबींनी भारतातील बौद्ध स्थळे पाहिली आणि ब्रह्मदेशात ध्यानाचा अभ्यास केला.

१३/ इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. काशीचे अन्नछत्र सर्वांचे नव्हते. तिथले पान आणि शास्त्र्यांच्या घरची संस्कृत पाठशाळा ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी होती. एखादा महार किंवा मांग तरुण तीच जिज्ञासा घेऊन १९०० मध्ये काशीत पोहोचला असता, तर त्याला ना पंक्तीत जागा मिळाली असती ना पाठात. कागदी पासपोर्ट नसलेल्या त्या जगात जात हाच पासपोर्ट होता. कोसंबींच्या धैर्याला याने उणेपणा येत नाही. ते कोणत्या जमिनीवर उभे होते एवढे कळते.

१४/ तिसरा प्रश्न मला सुचला नाही. तो आजीने विचारला. न्हावऱ्याच्या घरी ओट्यावर बसून मी तिला ही कथा सांगत होतो. काशी, नेपाळ, लंका सगळे तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “आन् घरच्या बाईचं काय? ती कुणाच्या जिवावर ऱ्हायली तवर?” मी उत्तर देऊ शकलो नाही, कारण तोवर मी पुस्तक त्या अंगाने वाचलेच नव्हते.

१५/ कोसंबी निघाले तेव्हा थोरली मुलगी माणिक नुकतीच जन्मलेली होती. ते भिक्षूची वस्त्रे उतरवून गृहस्थाश्रमात परतले ते १९०६ मध्ये. म्हणजे तान्हे मूल जवळजवळ सात वर्षांचे झाले. या सात वर्षांतला प्रत्येक मुक्काम आपल्याला कोसंबींच्या लेखणीतून दिसतो. बाळाबाईंनी लिहिलेले ‘निवेदन’ मात्र आपल्यापाशी नाही. प्रवासवर्णन हे जाणाऱ्याचे साधन असते; मागे राहणाऱ्याचा दिवस त्यात एखाद्या ओळीपुरता येतो. साधन वाचताना ही पोकळीही वाचावी लागते. पुढे याच घरातील नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी आपले आयुष्य महाराष्ट्रातील स्त्रियांच्या इतिहासाला दिले आणि आजोबांचे आत्मचरित्र इंग्रजीत आणले.

१६/ या प्रवासातून परत काय आले? कलकत्त्यात कोसंबी पाली शिकवू लागले. मग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ लिहावा. कोसंबींनी ते स्वीकारले. भांडारकरांच्या प्रयत्नाने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले आणि १९१२ पासून कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. हार्वर्डने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. त्या ग्रंथाची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली. जो ग्रंथ वाचायला समुद्र ओलांडावा लागला, तो आता मराठी विद्यार्थ्याला ओळखीच्या लिपीत मिळाला.

१७/ १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा माणिक आणि धाकटा दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. हा दामोदर म्हणजे गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. पुण्याभोवतीच्या टेकड्या, धनगरांच्या वाटा आणि गावोगावच्या देवींची ठाणी पायी फिरून त्यांनी दख्खनचा इतिहास नव्याने मांडला; १९६२ चे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ त्याची साक्ष आहे. ग्रंथापर्यंत चालत जाणारा पिता आणि चालत चालत जमिनीचाच ग्रंथ वाचणारा पुत्र, असे हे घराणे. धर्मानंदांचा देह ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे, उपोषणाने, पडला.

१८/ आमचा नेपाळचा बेत कायम आहे. आजीच्या प्रश्नाने त्यात एक भर पडली : ज्या दिवसांत मी बाहेर असेन त्या दिवसांची घरची कामे कोण करणार, हे मी निघण्यापूर्वी वहीत लिहून ठेवले. त्या यादीत आईचे नाव सर्वांत जास्त वेळा आले. मित्रहो, तुमच्याही घराण्यात कोणी काशीला, रंगूनला, कराचीला गेले असेल. त्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्याच असतील. या धाग्याखाली त्या जरूर लिहा. आणि त्यांच्यामागे घरी कोण होते, हेही विचारून लिहा.