नागभीडचा सपाट मार्ग आणि घाटांतील बोगदे

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडच्या भूमीखाली नाइस हा अतिप्राचीन, प्रचंड उष्णता व दाब सोसून पट्टेदार झालेला खडक आहे; पश्चिमेस उमरेड व वरोऱ्याकडे गोंडवन काळातील नद्यांनी साचविलेले वालुकाश्म, शेल आणि कोळशाचे थर लागतात, तर त्यापलीकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा बेसॉल्ट पसरला आहे. दीर्घकाळच्या झिजेने नाइसच्या प्रदेशात सपाट भूमी व तुटक टेकड्याच उरल्या असल्याने 1908 साली नागपूरहून नागभीडला आलेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या नॅरोगेज मार्गाला बोगद्यांची गरज पडली नाही.

वरोऱ्याला मात्र माणूस कोळशासाठी भूमीखाली उतरला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावरील ग्रंथ 1877 साली प्रसिद्ध झाला. कोळशाच्या थरातून वाटा खणताना छत पेलण्यासाठी मधे कोळशाचेच खांब सोडावे लागतात. ते किती जाड ठेवायचे, हे वरच्या खडकाचा भार व मजबुती आणि त्यात मुरणारे पाणी यांवरून ठरते. म्हणजे खाणीत भूविज्ञानाची गरज कामाच्या आधीच लागते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

याउलट 1863 साली पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर, ज्याचा आराखडा जेम्स बर्कली यांनी केला होता, सुरुवातीच्या 25 बोगद्यांतील खडकाची खरी ओळख बहुतांशी खोदतानाच पटली. बेसॉल्ट कठीण म्हणून बोगदा सुरक्षित, हे गृहीतक अपुरे आहे. लाव्हारस एकावर एक थरांनी पसरला; दोन थरांच्या मधल्या काळात पृष्ठभाग कुजून जी तांबडी, मातकट पट्टी बनली, ती उघडी पडून हवा-पाणी लागताच भुसभुशीत होते आणि तिच्यावरचा घट्ट पाषाणही आधार गमावतो. शिवाय लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा, म्हणजे सांधे, पाण्याला वाट देतात. त्यामुळे बोगद्याचे छत कोणत्या थरात येते आणि तांबडी पट्टी त्याच्या वर आहे की खाली, यावर अस्तराचा खर्च आणि मजुरांचे प्राण दोन्ही अवलंबून असतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. आर. बी. गुप्ते यांनी अभियांत्रिकी भूविज्ञान हा विषय पाठ्यपुस्तकातून अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविला, हे त्यांचे मोठे ऋण आहे.

कोकण रेल्वेने दुसरी बाजू दाखविली: गोव्यातील पेडणे येथे जांभ्याखालच्या मऊ मातीने बोगदा वारंवार ढासळला, आणि कठीण खडकासाठी घडलेल्या पद्धती तेथे कामी आल्या नाहीत.

या ज्ञानाची कठोर कसोटी कोयनेला लागली. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन अखेरीस पाणी व बोगदा यांच्यामध्ये फक्त खडकाचा एक बूच शिल्लक ठेवण्यात आला, आणि 13 मार्च 1999 रोजी तो स्फोटाने उडविण्यात आला. 2012 साली हाच प्रयोग पुन्हा झाला. हा बूच फोडेपर्यंत जलाशयाचा दाब त्याने पेलावा, आणि फोडताच पाण्याची वाट पूर्ण मोकळी व्हावी, यासाठी त्यातील भेगा कोणत्या दिशेने जातात याचा अंदाज आधी बांधणे आवश्यक असते.