मलिक हसन बहिरी : कुळाचा प्रश्न आणि निजामशाहीचे राजकारण

प्रस्तावना :
अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) शहराचा इतिहास साधारणतः मलिक अहमदने इ.स. १४९४ मध्ये केलेल्या स्थापनेपासून सांगितला जातो. त्याचा पिता मलिक हसन बहिरी याचा उल्लेख मात्र बहमनी दरबारातील एक कारस्थानी सरदार एवढ्यापुरताच येतो. या पुरुषाचे मूळ कूळ कोणते, याविषयी समकालास जवळ असलेल्या दोन इतिहासकारांत एकवाक्यता नाही. हा मतभेद केवळ वंशावळीचा नसून राजकीय स्वरूपाचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन वृत्तान्त :
फिरिश्ताच्या मते मलिक हसन हा मूळचा तिमाभट नावाचा ब्राह्मण होता. त्याचे पूर्वज गोदावरीकाठच्या पाथरीचे. अहमदशाह बहमनीच्या काळात (इ.स. १४२२–१४३६) विजयनगरच्या मोहिमेत तो कैद झाला, मुसलमान झाला आणि राजपुत्राच्या सहवासात फारसी शिकला. पित्याच्या 'बहिरव' या नावाचा अपभ्रंश होऊन 'बहिरी' हे उपनाम रूढ झाले, असे तो सांगतो. 'बहिरी' म्हणजे ससाणा; त्यामुळे शाही शिकारखान्यातील ससाण्यांच्या व्यवस्थेशीही हे नाव जोडले जाते. याउलट सय्यद अली तबातबाने 'बुर्हान-ए-मआसिर' या ग्रंथात मलिक अहमदचा संबंध थेट बहमनी राजकुळाशी जोडला आहे.

राजकीय कारकीर्द :
कूळ कोणतेही असो, कर्तृत्वाविषयी वाद नाही. गुलामगिरीतून वर आलेला हा सरदार 'निजाम-उल-मुल्क' झाला व तेलंगणाचा तरफदार बनला. महमूद गावानने चार तरफांचे आठ भाग केले, तेव्हा तेलंगणाचीही विभागणी झाली. मलिक हसनच्या वैराचे एक कारण येथे आढळते. दख्खनी आणि आफाकी या दोन गटांतील संघर्षात तो दख्खनी गटाचा अग्रणी होता. गावानच्या मोहरदार गुलामास मद्य पाजून कोऱ्या कागदावर मोहर उमटविण्यात आली, त्यावर ओरिसाच्या राजास उद्देशून बनावट पत्र लिहिण्यात आले व ते सुलतानापुढे ठेवले गेले. ५ एप्रिल १४८१ रोजी गावानचा शिरच्छेद झाला. पुढे 'मलिक नायब' या नात्याने बालसुलतान महमूदशाहाच्या नावे सर्व सूत्रे मलिक हसनच्या हाती आली. परंतु इ.स. १४८६ मध्ये बिदर येथे तोही दरबारी डावपेचांस बळी पडला. जुन्नरकडे असलेल्या अहमदने तेथूनच स्वतंत्र सत्तेचा पाया घातला व इ.स. १४९० मध्ये तिची घोषणा केली.

साक्षींचे मूल्यमापन :
तबातबाने आपला ग्रंथ इ.स. १५९० च्या दशकात दुसऱ्या बुर्हाण निजामशाहाच्या आश्रयाने लिहिला. आश्रयदात्याच्या घराण्यास बहमनींचे वारस ठरविण्यात त्याचा हेतू उघड आहे. फिरिश्ताही निःपक्ष मानता येत नाही. तो निजामशाही सोडून विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता व प्रतिस्पर्धी घराण्याचे मूळ सामान्य दाखविण्यात त्या दरबारास समाधानच होते.

अशा वेळी शब्दांपेक्षा कृतीची साक्ष अधिक मोलाची ठरते. पहिल्या बुर्हाण निजामशाहाने पूर्वजांचे गाव म्हणून पाथरीची वऱ्हाडच्या इमादशाहाकडे मागणी केली व मोबदल्यात दुसरा प्रदेश देऊ केला. नकार मिळताच इ.स. १५१८ मध्ये ते ठाणे जिंकून घेतले. पुढे त्यासाठी पुन्हा युद्ध झाले. ते गाव ब्राह्मण आप्तांस इनाम दिल्याचे फिरिश्ता नोंदवितो. पाथरी सीमेवरील मोक्याचे ठाणे होते, हे खरे. तथापि केवळ लष्करी हेतू असता अदलाबदलीची बोलणी प्रथम करण्याचे प्रयोजन उरत नाही. मात्र या घटनेचा मुख्य साक्षीदारही फिरिश्ताच आहे, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

निष्कर्ष :
पाथरीच्या मुळाची परंपरा अधिक संभवनीय वाटते. परंतु तिमाभट हे नाव अथवा 'बहिरी'ची व्युत्पत्ती निर्णायक मानता येत नाही. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, एकाच घराण्याने दोन स्मृतींचा उपयोग केला. पाथरीवर हक्क सांगताना ब्राह्मण पूर्वज उपयोगी पडले, तर सिंहासनाच्या प्रतिष्ठेसाठी बहमनी रक्त. मलिक हसनला आज एखाद्या जातीच्या वा धर्माच्या खाती जमा करणे म्हणजे त्याच दरबारी लेखकांची परंपरा पुढे चालविणे होय. जन्माने नव्हे, तर कैदेतून, शिक्षणातून आणि निर्दय राजकारणातून घडलेल्या पुरुषाच्या पुत्राने हे नगर वसविले, हे स्थानिक इतिहासाच्या अध्यापनात स्पष्टपणे मांडले गेले पाहिजे.