मागाचे कार्ड आणि घरातला ताल

व्याख्यानमालेची पत्रिका छापून आली तेव्हा आमच्या काही स्नेह्यांनी विचारले, की युनियनच्या माणसाला पोरांच्या व्हिडिओ खेळांवर बोलण्याचे काय कारण? बोनस, किमान वेतन, यंत्रमागाची मंदी असे विषय पडले असता हा विषय का? त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही व्याख्यानाच्या ओघात देऊ. तूर्त इतकेच सांगतो, की अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्याने जेकार्डचा माग चालवला आहे, त्याला या खेळाची ओळख करून द्यावी लागत नाही. खेळाचे नाव त्याने ऐकले नसेल. खेळाचा आजा मात्र त्याच्या डोक्यावर रोज आठ-दहा तास खडखडत असतो.

हा खेळ म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. दूरदर्शन संचाच्या पडद्यावर रंगीत खुणा एकामागून एक सरकत येतात. पडद्याच्या कडेला एक रेघ असते. खूण त्या रेघेवर आली की त्याच क्षणी खेळणाऱ्याने नेमलेली कळ दाबायची, किंवा जमिनीवर अंथरलेल्या चटईवरच्या नेमक्या बाणावर पाय द्यायचा. गाणे चालू असते आणि खुणा गाण्याच्या ठेक्यावर बसवलेल्या असतात. वेळ साधली तर गुण, चुकली तर गुण गेले. फार चुका झाल्या तर गाणेच बंद. कळांसाठी कोठे प्लास्टिकची गिटार असते, कोठे ढोलाची प्रतिकृती, कोठे साधी चटई. ही सामग्री गाण्यात भर घालीत नाही. कोणते बोट किंवा कोणता पाय केव्हा पडला, एवढेच ती यंत्राला कळवते.

आता मागाकडे येऊ. सोलापुरी चादरीवरचे मोर, फुले, वेलबुट्टी विणकर हाताने काढीत नाही, हे आपणापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मागावर जेकार्डचा सांगाडा असतो आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. धोट्याच्या एका फेरीला एक कार्ड. कार्ड सुयांच्या रांगेवर दाबले जाते. जेथे भोक आहे तेथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि वर जाणारी पट्टी त्याला उचलून नेते. त्याबरोबर ताण्याचा तो धागा वर येतो. जेथे भोक नाही तेथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक सुटतो आणि धागा खालीच राहतो. भोक म्हणजे ‘ऊठ’, कोरा पुठ्ठा म्हणजे ‘बस’. शेकडो धाग्यांना ही आज्ञा एकाच वेळी मिळते आणि धोटा मधून निघून जातो. साऱ्या नक्षीचे रहस्य एवढेच आहे.

ही युक्ती एका माणसाची नव्हे. फ्रान्समधील लियों शहरात रेशमाचे नक्षीदार कापड होई. तेथे पूर्वी मागाशेजारी एक पोरगा उभा राहून दोऱ्या ओढीत असे. विणकर सांगेल ती दोरी, दिवसभर. 1725 मध्ये बाझिल बूशों याने भोके पाडलेल्या कागदाची पट्टी वापरून दोऱ्यांची निवड करून दाखवली. पुढे फाल्कों याने पट्टीऐवजी सुटी कार्डे माळेत ओवली. 1745 च्या सुमारास व्होकांसोंने आपोआप चालणारा माग केला. हा व्होकांसों कोण, ते ऐकण्यासारखे आहे. 1738 मध्ये त्याने पॅरिसच्या लोकांना एक यांत्रिक पुतळा दाखवला होता. तो खरी बासरी वाजवी, भात्याने फुंकर घाली आणि बोटांनी भोके झाकी. म्हणजे स्वयंचलित वादक करणारा माणूस आणि स्वयंचलित विणकर करू पाहणारा माणूस एकच. संगीत आणि कापड यांची सोयरीक त्या काळापासूनची आहे.

1804 मध्ये जोसेफ मारी जाकार याने या साऱ्या युक्त्या एकत्र करून चालता माग उभा केला. फ्रेंच सरकारने तो शोध सार्वजनिक केला आणि जाकारला पेन्शन दिली. दोऱ्या ओढणाऱ्या पोरांची गरज संपली. पोरे सुटली म्हणून आनंद मानावा, तर त्यांच्या घरची चूल त्या दोरीवरच होती. पुढे 1831 मध्ये आणि पुन्हा 1834 मध्ये लियोंच्या विणकरांनी उठाव केले, ते दरांवरून. नगावरचा किमान दर ठरवून द्या, ही त्यांची मागणी होती. आमच्या युनियनच्या फायलीत जो शब्द सर्वांत अधिक वेळा आला असेल तो हाच.

कार्डाची कल्पना मागावरून उतरून दोन वाटांनी गेली. एक वाट हिशेबाची. बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात जाकारची कार्डे घेतली आणि होलेरिथने 1890 ची अमेरिकेची खानेसुमारी भोकांच्या कार्डांवर मोजली. आजचा संगणक त्याच घराण्यातला. दुसरी वाट संगीताची, आणि आपल्याला तिच्याने जायचे आहे.

1892 मध्ये पॅरिसच्या गाव्हियोली कारखान्याने जत्रेतल्या मोठ्या ऑर्गनसाठी घडीच्या पुठ्ठ्यांचे पुस्तक आणले. पुठ्ठ्यातल्या भोकांप्रमाणे ऑर्गनचे सूर उघडत. त्यानंतर तीन वर्षांनी, 1895 मध्ये, अमेरिकेत एडविन वोटी याने ‘पियानोला’ बनवला. हे एक कपाट होते. ते पियानोपुढे सरकवून ठेवायचे. त्याला पासष्ट बोटे असत, लाकडाची, टोकाला नमदा लावलेली. माणूस खाली बसून पायाने भाता हलवी, कागदाची गुंडाळी उलगडे, भोक आले की हवा आत शिरे आणि ते बोट पियानोच्या पट्टीवर पडे. वाजवणाऱ्याला संगीताचे ज्ञान नसले तरी चाले. पाय मारायचा आणि वेग सांभाळायचा. घरात बसून, वादक न होता, वादनाचा आनंद घेण्याची ही पहिली मोठी सोय होय.

त्यावर जे आक्षेप आले ते आज जसेच्या तसे ऐकू येतात. जॉन फिलिप सूझा या प्रसिद्ध बँडमास्तराने 1906 मध्ये लेख लिहून यांत्रिक संगीताच्या धोक्याची हाक दिली. मुले वाद्य शिकेनाशी होतील, ही त्याची भीती. शिवाय त्याचे स्वतःचे पैसेही बुडत होते, हे सांगितले पाहिजे. 1908 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भोकांचा कागद ही गाण्याची प्रत नव्हे, कारण तो माणसाला वाचता येत नाही. पुढच्याच वर्षी तेथील कायदा बदलून संगीतकारांना मोबदला द्यावा लागला. वादकांची भीतीही खोटी नव्हती. आपल्याकडे मूकपटाच्या वेळी पडद्याखाली पेटी-तबल्याची मंडळी बसत. 1931 मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि ती बैठक उठली. त्यांची नावे कोणत्या हजेरीपटावर होती?

आता पडद्यावरच्या खेळाकडे वळू. जपानात 1996 च्या अखेरीस सोनीच्या प्लेस्टेशनवर ‘पॅरप्पा द रॅपर’ आला. 1997 मध्ये कोनामी कंपनीने ‘बीटमेनिया’ काढला. त्याला पाच कळा आणि एक फिरती तबकडी. 1998 मध्ये त्याच कंपनीचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ खेळगृहांत आला आणि 1999 मध्ये अंथरायच्या चटईसह घरात शिरला. 2001 मध्ये नामको कंपनीचा ढोलाचा खेळ ‘ताइको नो तात्सुजिन’, आणि लगेच घरासाठी छोटा ढोल. 2005 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ‘गिटार हिरो’ निघाला. गिटारीच्या मानेवर हिरवी, लाल, पिवळी, निळी, नारिंगी अशी पाच बटणे, आणि तारेऐवजी एक खटका. 2007 मध्ये ‘रॉक बँड’ने ढोल, गिटार आणि माइक एकाच खोलीत आणले.

या खेळांच्या सरकत्या खुणा आणि पियानोलाची गुंडाळी शेजारी ठेवून पाहावी. गुंडाळी तीच आहे. फरक एकच, परंतु तो मुळावरचा आहे. मागावर कार्ड धाग्याला आज्ञा करते. पियानोलात कागद लाकडी बोटाला आज्ञा करतो. या खेळात गुंडाळी जिवंत माणसाच्या बोटाला आज्ञा करते. सुई आणि हूक यांची जागा माणसाने घेतली आहे. गंमत अशी, की ही नोकरी माणूस पैसे मोजून पत्करतो.

आमचे काही सहकारी एवढे ऐकताच म्हणतात, ‘मग हा कारखानाच झाला, दिवसा मालकाचा ठेका, रात्री कंपनीचा!’ आम्हाला ते मत एकांगी वाटते. कुंभारीच्या बाजूला एका यंत्रमाग कामगाराच्या घरी आम्ही जे पाहिले ते सांगतो. या कुंभारीला 2006 मध्ये विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. हा खेळ ‘घरी’ खेळायचा, तर प्रथम घर लागते. चटई पसरण्याइतकी मोकळी फरशी लागते, हेही विसरू नये. तर या गृहस्थाच्या मुलीला पुण्याच्या नातेवाइकाने नाचाची चटई दिली होती, टीव्हीला जोडायची, स्वस्तातली. डावा बाण चालेना. बापाने शिवण उसवून चटई उघडली. आत दोन पातळ पत्रे, वीज वाहणाऱ्या थराचे, आणि त्यांच्यामध्ये स्पंजचा एक ताव. त्या तावाला जागोजाग भोके पाडलेली! पाय पडला की भोकातून वरचा थर खालच्याला टेकतो आणि यंत्राला कळते. भोक नाही तेथे स्पंज दोघांना दूर ठेवतो. तो आमच्याकडे पाहून म्हणाला, “हे तर आपलं कार्डच हाय की, साहेब.” भोकाजवळ घडी पडून थर चिरला होता. त्याने पट्टी लावून तो सांधला आणि चटई पुन्हा शिवली.

मग मुलीने आग्रह केला म्हणून तो स्वतः चटईवर उभा राहिला. या माणसाने सत्तावीस वर्षे माग चालवला. मागखात्यातला आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचे तर ओठ आणि हात वापरावे लागतात. त्याला आता एका कानाने अगदी थोडे ऐकू येते, दुसऱ्याने नाही. पहिल्या दोन खेपांना तो बाणाच्या आधी पाय टाकी. तिसऱ्या खेपेला जमले. मुलीने खट्याळपणे टीव्हीचा आवाज पार बंद केला. त्याला ते कळलेही नाही आणि गुण तेवढेच पडले. ती पोर आमच्याकडे बघतच राहिली.

या खेळात गुण कानाला मिळत नाहीत, वेळेला मिळतात. ज्याचे कान कामात गेले त्याला गाण्याच्या ठेक्यात पुन्हा उभे राहता येते, ही गोष्ट लहान नाही. परंतु आमच्या मनात दुसराच हिशेब चालू होता. आवाजाने येणारे बहिरेपण हा धंद्यातला रोग म्हणून 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात होता. तो कायदा लागू असतानाच या माणसाचा दावा आम्ही केला होता. एका मालकाकडे सलग सहा महिने काम केल्याचा पुरावा हवा होता. सत्तावीस वर्षांत त्याचे नाव हजेरीपटावर तुटक-तुटक. दोन महिने येथे, चार महिने तेथे, मध्ये कोरे. माग तोच, शेड तीच, कागदावर माणूस मात्र वेळोवेळी नवा. दावा उभा राहिला नाही. त्या फाटक्या चटईने मात्र त्याचा पायन् पाय मोजला. लवकर पडलेला निराळा, उशिरा पडलेला निराळा, चुकलेला निराळा. खेळ संपल्यावर पडद्यावर सगळा हिशेब हजर. माणसाच्या श्रमाची नोंद ठेवणे अवघड असते, असे ज्यांनी आम्हाला सुनावणीत सांगितले, त्यांना आम्ही ती चटई दाखवू इच्छितो.

हे संगीत आहे काय, या वादात आम्ही फार वेळ घालवणार नाही. गिटारीच्या खेळात सूर चुकला की त्या वेळेपुरता गिटारीचा आवाज गप्प होतो. म्हणजे खेळणारा सूर निर्माण करीत नाही, सुराची वाट अडू देत नाही इतकेच. लेझीम खेळणाऱ्या पोराला आपण वादक म्हणत नाही, तरी त्याच्या अंगात ताल मुरला हे नाकारीत नाही. आमचे समाधान तेवढ्यावर होते. शिवाय खेळात चुकले तर कोणी मजुरी कापीत नाही. चादरीत दोष निघाला तर कापतात.

मात्र मिळकत कोणाची, हा प्रश्न सोडता येणार नाही. पहिल्या ‘गिटार हिरो’तील बहुतेक गाणी मूळ कलावंतांनी वाजवलेली नव्हती. ठेक्याने लावलेल्या वादकांनी ती हुबेहूब वाजवून दिली होती. खेळणाऱ्याला भास मोठ्या कलावंताचा, हात भलत्याचाच. धंदा मात्र असा वाढला, की मालिकेच्या तिसऱ्या खेळाची विक्री एक अब्ज डॉलरांच्या पुढे गेल्याचे ॲक्टिव्हिजन कंपनीने 2009 मध्ये सांगितले. आणि 2011 च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीने हा विभागच बंद केला. एकसारखे खेळ दरवर्षी, दर खेळाला नवी गिटार, नवा ढोल. लोकांच्या घरात जागा उरली नाही आणि खिशातही. एका यंत्राची गिटार बहुधा दुसऱ्या यंत्राला लागत नसे. गिरणी बंद पडल्यावर घरी राहिलेल्या धोट्याचे जे होते ते त्या गिटारींचे झाले, कोपऱ्यात उभ्या.

एमआयडीसीत आता काही शेडमध्ये विजेवर चालणारे जेकार्ड आले आहे. त्यात पुठ्ठा नाही, नक्षी संगणकातून उतरते. खेळाचेही तेच झाले. 2014 मध्ये काळ्या फरशा टिपण्याचा खेळ फोनवर आला आणि 2016 नंतर डेटा स्वस्त झाल्यावर तसले खेळ कामगारांच्या घरोघरी पोचले. चटई नाही, गिटार नाही, काचेवर अंगठा. कांड्या भरणाऱ्या बाया जेवणाच्या सुट्टीत ते खेळताना आम्ही पाहिल्या आहेत आणि त्यांचा हात चांगला चालतो. एक अडचण त्या सांगतात. बिनतारी हेडफोन लावला की आवाज कानात क्षणभर उशिरा येतो, फरशी आधी निघून जाते. म्हणून दिवाळीच्या खरेदीत दुकानदार बिनतारीच पुढे करतो, आणि या वायरचा मागतात.