मोलकरणीची नोंद

'मोलकरीण' या शब्दातच 'मोल' आहे. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. भाषेने तिची मजुरी मान्य केली, पण कायद्याच्या कागदावर यायला तिला फार वर्षे लागली.

पेशवाईत पुण्याच्या वाड्यांतून घरकामाला कुणबिणी असत. त्यांची खरेदी-विक्री होई आणि किंमत कागदोपत्री लिहिली जाई. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी माणसावरचा असा मालकी हक्क मानणे बंद केले. दैव पाहा, विकत घेतलेल्या कुणबिणीची नोंद होती, पगारी बाईची मात्र कुठेच झाली नाही.

इंग्लंडात सरकारने नोकर मोजले, पण ते करासाठी. १७७७ साली अमेरिकेतील युद्धाच्या खर्चासाठी पुरुष नोकरामागे वर्षाला एक गिनी कर बसला, तो मालकाने भरायचा. आज अमेरिकेत साफसफाईच्या बाईला वर्षात ठराविक रकमेहून जास्त पगार दिला, की घरमालकाला तिच्या सामाजिक सुरक्षेचा कर भरावा लागतो. तो न भरल्याचे उघड झाले आणि १९९३ मध्ये झोई बेर्ड यांना अ‍ॅटर्नी जनरलपदाच्या शर्यतीतून माघार घ्यावी लागली. त्यांनी कामावर ठेवलेल्या माणसांकडे देशात राहण्याचे कागदही नव्हते.

आपल्याकडे असा कर नाही. बाईला दिलेल्या पगाराची वजावट आपल्याला मिळत नाही आणि तिचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली असते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो. घर म्हणजे आस्थापना नव्हे. थोडक्यात, भरायचे काही नाही आणि मिळायचेही काही नाही!

आमचे लोणी काळभोर मूळचे शेतीचे गाव. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात शेतमजुरी पहिल्यापासून होती, घरकाम नव्हते. म्हणजे बाई खुरपणीला गेली तर कायद्याने मजूर, आणि तीच सोसायटीत धुणेभांडी करायला गेली तर कोणीच नाही. राज्यांना परिशिष्टात भर घालता येत होती. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकाम त्यात घातले.

पुण्यात हा प्रश्न बायकांनी स्वतःच उचलला. १९८० साली शहरातल्या मोलकरणी संपावर गेल्या. पगारवाढ हवी, हक्काची रजा हवी, आजारपणात काम जाऊ नये, एवढेच मागणे. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्यानंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी, २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या बाईने नोंदणी केली तर अपघात, बाळंतपण, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी यांसाठी मदतीची तरतूद झाली. २०२१ च्या टाळेबंदीत सरकारने दीड हजार रुपये दिले, तेही नोंदणी असलेल्यांनाच. नोंदीचे मोल तेव्हा कळले.

या नोंदणीला काम देणाऱ्याचा दाखला लागतो, आणि घोडे तिथेच अडते. आमच्याकडे येणाऱ्या मावशी तीन घरी काम करतात. दोन घरांनी 'पुढे काही लचांड नको' म्हणून सही नाकारली. मी सही केली, त्याला दोन मिनिटे लागली. मी शिक्षिका होते. माझ्या रुजू होण्याच्या तारखेपासून प्रत्येक रजा सेवापुस्तिकेत लिहिलेली आहे आणि आजचे निवृत्तिवेतन त्याच पुस्तिकेवर उभे आहे. मावशींच्या इतक्या वर्षांच्या कामाची नोंद काय, तर आपल्या कॅलेंडरवर केलेल्या खाड्यांच्या फुल्या!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत घरकामगाराचा उल्लेख आहे, पण औद्योगिक संबंध संहितेने घरगुती सेवेला 'उद्योगा'तून स्पष्टपणे वगळले आहे. म्हणजे अर्धे दार उघडले आहे. उरलेले सरकार उघडेल तेव्हा उघडेल. मंडळी, तोवर दाखल्यावर सही करायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.