भुशाची जीप

१९८४ साली आमच्या दारात जीप आली, तेव्हा आईच्या गळ्यातलं डोरलं पेढीवर गेलं होतं. माण तालुक्यातली आमची वाडी. दोन वर्षं ज्वारी हाती लागली नव्हती. आण्णांनी ठरवलं, आता वडाप करायचं. जीप जुनी होती, पण नात्यातल्याच माणसाची. "पाव्हणं फसवत न्हाईत," म्हणून आण्णांनी बॉनेटसुद्धा नीट उघडून बघितलं नाही.

जीप ही मूळची लढाईतली गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीस कंपनीनं ती बनवली. १९४५ साली आपल्याकडं ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. तिनं १९४७ पासून मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि १९४८ साली तिचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. लढाईसाठी जन्मलेली गाडी अशी आमच्याकडं बाजाराची माणसं, कोंबड्या नि कांद्याची पोती वाहू लागली.

आमच्या जीपला पुढचे तीन गेर. गेर न खडखडता पाडायची सिंक्रोमेशची सोय १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत पहिल्यांदा आली. आमच्या जीपच्या दुसऱ्या-तिसऱ्या गेराला ती होती, पहिल्याला नव्हती. चढावर चालत्या गाडीला पहिला टाकायचा तर डबल क्लच मारायचा, नाहीतर सगळी गाडी करकरायची.

दीडेक महिना बरा गेला. मग खालून ‘घूं घूं’ यायला लागलं. आठवड्यात त्याची घरघर झाली. माणसं म्हणायची, "आण्णा, ही वाटंतच मरणार बगा." तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजवाल्यानं नुसतं ऐकून सांगितलं, "अख्खा गेरबॉक्स बदला. चार हजार." त्या रात्री आई जेवली नाही.

मग कुणीतरी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सुचवलं. सगळे त्यांना चाचाच म्हणत. चाचांनी पान्याला हात लावायच्या आधी गाडी जागेवर चालू करायला सांगितली. न्यूट्रलमध्ये घरघर होतीच. "आता क्लच दाबा." आण्णांनी क्लच दाबला, तशी घरघर थांबली. सोडला, पुन्हा सुरू.

"क्लच दाबल्यावर आवाज आला असता, तर क्लचचं बेअरिंग. हितं उलटं हाय. म्हंजे बॉक्सच्या आत."

मग आम्ही रस्त्यावर गेलो. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्हीत आवाज सारखाच. चाचा बोटं मोडत गेले. "एकाच गेरात असता तर त्या गेराचा दात गेला. टॉपला खालच्या लेशाफ्टवर वजन पडत न्हाई, तो खराब असता तर टॉपला आवाज उतरला असता. मागचं बेअरिंग गाडी हुबी असताना फिरतच न्हाई. मग उरलं काय? इंजनाकडनं येणाऱ्या शाफ्टचं पुढचं बेअरिंग."

घरी येऊन त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉक्सला टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली, आणि मलाही ऐकवलं. पुढच्या बाजूला जात्यात खडा सापडावा तसा आवाज येत होता.

मग खालचा बूच काढला. ऑइल धारेनं पडायच्या ऐवजी लापशीसारखं थबकत पडलं. चाचांनी ते चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला, आणि आण्णांकडं न बघताच म्हणाले, "भुसा हाय. लाकडाचा."

आवाज दाबायची ही जुनी युक्ती. भुशानं ऑइल जाड होतं, घरघर काही दिवस झाकली जाते, गाडी विकली जाते. मग भुशाचा लगदा होतो, बेअरिंगला ऑइल पोचत नाही, आणि होतं ते दुखणं दुप्पट होतं.

लिंबाच्या फांदीला साखळी बांधून आम्ही बॉक्स उतरवला. बेअरिंगच्या कडीत देवीच्या व्रणासारखे खड्डे पडले होते. दात मात्र शाबूत. बेअरिंगवर कोरलेला नंबर कागदावर लिहून आण्णा पुण्याला गेले. चाचांनी बॉक्स तीनदा रॉकेलनं धुतला, पुठ्ठ्याचं पॅकिंग कापलं, नव्वद नंबरचं ऑइल बाजूच्या बुचाच्या काठापर्यंत भरलं. सगळा खर्च तीनशेच्या आत.

जीप सुरू झाली. क्लच सोडला, आणि नुसत्या इंजिनाचा आवाज ऐकू आला. आई उंबऱ्यात उभी होती, ती काही न बोलता चुलीकडं गेली.

आण्णा त्या पाहुण्याकडं भांडायला गेले नाहीत. त्यांच्या घरच्या लग्नाला मात्र पुन्हा कधी गेले नाहीत. डोरलं पुढच्या वर्षी सुटलं.

सहा वर्षांनी जीप विकायची वेळ आली. तेव्हा दुसऱ्या गेरात थोडी कुरकुर होती. गिऱ्हाईक पैसे मोजायला लागलं, तर आण्णांनी त्याचा हात धरला, गाडी चालू केली आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "आधी ऐका," म्हणाले, "मग मोजा."

त्यानं दोनशे रुपये कमी दिले.